मासळी गेली, गाव राहिले

आइसलँडच्या उत्तर किनाऱ्यावर, उंच डोंगरांनी वेढलेल्या एका अरुंद खाडीच्या काठी सिग्लुफ्योर्डुर हे लहानसे गाव वसले आहे. उत्तर ध्रुववृत्त येथून जवळच. त्यामुळे उन्हाळ्यात मध्यरात्रीही उजेड मावळत नाही आणि हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्य डोंगराआडून वर येत नाही. १८१८ साली या ठिकाणास व्यापाराची अधिकृत परवानगी मिळाली. तरी पुढची कित्येक दशके ती मोजक्या घरांची वस्तीच होती.

१९०३ साली नॉर्वेचे मच्छीमार येथे हेरिंग मासा खारवू लागले आणि गावाचे भाग्य पालटले. हेरिंग हा आपल्याकडील तारलीच्या कुळातला मासा. तो लवकर नासतो. म्हणून होड्या धक्क्याला लागल्या, की रात्र असो वा दिवस, स्त्रियांना कामावर बोलावणे येई. माशाचे डोके काढून, मीठ भरत, पिंपात थरावर थर रचायचे, हे काम त्यांचे. पिंप भरले, की धातूचा एक बिल्ला बाईच्या बुटात टाकला जाई. हंगामाची मजुरी त्या बिल्ल्यांवर ठरे. घरदार सोडून आलेल्या अनेक तरुणींना स्वकष्टाचा पैसा प्रथम येथेच दिसला.

१९१८ साली गावास नगराचा दर्जा मिळाला, १९३० साली सरकारी हेरिंग कारखाना उभा राहिला आणि शतकाच्या मध्यास लोकवस्ती तीन हजारांवर गेली. काही वर्षी देशाच्या निर्यातीतील पंचमांशाहून अधिक माल या एकाच बंदरातून जाई.

पुढे माशांचे थवे ध्वनिलहरींनी हुडकणारी यंत्रे आली, प्रचंड जाळी यंत्रबळाने ओढली जाऊ लागली. अनेक देशांच्या बोटी एकाच मासळीमागे लागल्या. त्यातच उत्तरेकडील समुद्र थंडावला. १९६९ पर्यंत हेरिंग जवळजवळ नाहीशी झाली. दैवाचा खेळ असा, की दर हिवाळ्यात बर्फाने बंद पडणाऱ्या घाटाला पर्याय म्हणून बोगदा खुला झाला तो १९६७ साली. बारमाही रस्ता आला आणि पाठोपाठ त्याच रस्त्याने माणसे गाव सोडू लागली. पुढे मासळी समुद्रात सावरली, पण धक्क्यावरचे ते हंगाम परतले नाहीत.

उरलेल्या गावकऱ्यांनी मात्र ओस पडलेल्या इमारती मोडीत जाऊ दिल्या नाहीत. नॉर्वेच्या व्यापाऱ्यांनी १९०७ साली बांधलेली खारवणीची इमारत त्यांनी दुरुस्त केली आणि १९९४ साली तेथे हेरिंग संग्रहालय सुरू झाले. २००४ साली त्यास युरोपीय संग्रहालयांसाठीचा मिकेलेत्ती पुरस्कार लाभला. आज लोकवस्ती पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी आहे. तरी उन्हाळ्यात संग्रहालयाच्या धक्क्यावर पाहुण्यांसमोर पुन्हा पिंपे भरली जातात.

समुद्राने दिले ते गावाला टिकवता आले नाही. परंतु आपल्या हातांनी केलेल्या श्रमांची आठवण त्याने जपली, आणि तिच्याच आधारे ते आज उभे आहे.