रशियन
रशिया देशाशी संबंधित व्यक्ती, भाषा किंवा वस्तू. विशेषण म्हणून शब्द बदलत नाही (रशियन बाई, रशियन पुस्तक). नाम म्हणून मात्र मराठी विभक्ती घेतो : रशियनांनी, रशियनांचा. हिंदीत ‘रूसी’, मराठीने इंग्रजी वळणाचे रूप पत्करले. अण्णा भाऊ साठे यांच्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकातही ‘रशिया’च आहे.

खुद्द रशियन भाषेत दोन शब्द आहेत. ‘रुस्की’ म्हणजे वंशाने वा भाषेने रशियन. ‘रोसियानिन’ म्हणजे रशियाचा नागरिक. कझानचा तातार दुसरा असतो, पहिला नसतो. मराठीत दोघेही रशियनच.

सोव्हिएत काळात हा सैलपणा अधिकच वाढला. फेब्रुवारी १९५५ च्या करारानुसार उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाच्या निरनिराळ्या भागांतून तज्ज्ञ आले. हिंदी-छत्तीसगढी बोलणाऱ्या भिलाई-जामुल पट्ट्यात ते सरसकट ‘रूसी’ झाले. बांधकामाचे प्रमुख अभियंते व्हेनियामिन दिमशित्स जन्माने क्रिमियातील फिओदोसियाचे, ज्यू. सोव्हिएत पासपोर्टात नागरिकत्वाहून वेगळा ‘राष्ट्रीयत्व’ असा रकाना असे आणि त्यात युक्रेनियन, ज्यू, जॉर्जियन अशा नोंदी होत. अशा सर्वांसाठी ‘सोव्हिएत’ हाच नेमका शब्द होता. तो मराठीत मुख्यतः छापील मजकुरातच राहिला. डिसेंबर १९९१ मधील विघटनानंतर युक्रेनियन किंवा कझाक व्यक्तीला रशियन म्हणणे सरळसरळ चूक ठरते.