हौदा कुणी उकरायचा?

बीदर, भालकी, औराद, आळंद या पट्ट्यातली म्हातारी माणसं कुणाला 'आपला' म्हणायचं हे नकाशा बघून ठरवत नसत. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात आणि बीदर-गुलबर्गा म्हैसूरकडे. बीदर जिल्ह्यातलेच उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके पलीकडे गेले. भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. आमच्या निम्म्या सोयरिकी एका रात्रीत परराज्यातल्या झाल्या. तरी घरात कुणी 'शहराला जाऊन येतो' म्हटलं, की ते शहर बंगळूर नसे आणि मुंबईही नसे. ते हैदराबादच असे.

म्हणून १९८४-८५ च्या हिवाळ्यात हैदराबादच्या मोहम्मद अझरुद्दीननं इंग्लंडविरुद्ध कलकत्ता, मद्रास आणि कानपूर अशा पहिल्या तिन्ही कसोटींत शतकं ठोकली, तेव्हा आमच्याकडे साखर वाटायचीच बाकी होती. मामा तेव्हा शहाबादच्या सिमेंट कारखान्यात होते. पाळी संपवून आले की ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे. शेजारचे चाचा भिंतीपलीकडून स्कोअर विचारायचे आणि स्वतःच म्हणायचे, "अपनाच पोट्टा है." त्या पोरानं पुढं ४७ कसोटींत देशाचं नेतृत्व केलं. ९९ वी कसोटी बंगळूरला, मार्च २००० मध्ये, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाली. त्यात त्यानं १०२ धावा केल्या. शंभरावी कसोटी त्याला मिळालीच नाही.

५ डिसेंबर २००० ला क्रिकेट मंडळानं सामनेनिश्चितीच्या आरोपावरून अझर आणि अजय शर्मा यांच्यावर आजन्म बंदी घातली. अजय जडेजा आणि मनोज प्रभाकर यांच्यावर पाच वर्षांची. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आबांशी, म्हणजे माझ्या आजोबांशी, त्यांची जुंपली. मामांचं म्हणणं, ज्यानं आपल्याला फसवलं त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही. आबांना क्रिकेटमधलं एलबीडब्ल्यूसुद्धा कळत नसे. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला समोर बसवून विचारलं का, चार लोकांत?" आणि मग पोलीस ॲक्शनच्या आधीची एक कुस्ती सांगितली.

भालकी तालुक्यातल्या आमच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांचा मोठा फड भरायचा. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात, मग नारळावरच्या, मग फेट्याच्या आणि दिवस कलताना शेवटची हाली रुपयांची. आमच्याकडे तेव्हा निजामाचा हाली शिक्का चालायचा. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. शेवटच्या कुस्तीला गावचा गडी उदगीरकडच्या पैलवानाशी लागला आणि हलगीनं ताल धरायच्या आत चितपट झाला. लोक हळहळून घरी गेले. वस्ताद मात्र हौद्याच्या काठावर तसाच उभा राहिला. समोरच्यानं पट काढायला हात घातला, तेव्हा गड्यानं वजन मागच्या पायावर घ्यायला हवं होतं. त्यानं ते आधीच पुढच्या पायावर टाकलं होतं. म्हणजे तो पडला नव्हता, झोपला होता.

रात्री मारुतीच्या पारावर कंदील लावून पंच बसले, सारं गाव बसलं. गड्याला मधे बसवलं आणि बोलू दिलं. त्यानं कबूल केलं. बियाण्याचं कर्ज होतं. सावकारानं दुसऱ्या पैलवानावर पैसा लावला होता आणि वर्षाचं व्याज सोडायचा शब्द दिला होता. पंचांचा फैसला झाला, पाच यात्रा लंगोट लावायचा नाही. दर यात्रेआधी हौदा यानंच उकरायचा, माती चाळायची, तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद यानंच मिसळायची. सहाव्या यात्रेला कुस्ती धरता येईल, पण नारळावर, रुपयांवर नाही. आणि पंचांत त्याला कधीच बसता येणार नाही.

मधे रझाकारांच्या धामधुमीत एका वर्षी यात्रा भरलीच नाही. ते वर्ष पाचांत धरायचं की नाही, यावर पंचांत वाद झाला. धरलं नाही. गड्यानं सहाव्या वर्षीही हौदा उकरला. त्याच्या पुढच्या यात्रेत तो कुस्ती लढला आणि हरला. पण आबा सांगायचे, "या खेपेला खरा हरला." लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं नाही आणि दगडही मारले नाहीत. पुढं गावातली पोरं त्याच्याच हाताखाली तयार झाली.

"आणि सावकार?" मी विचारलं.

"तो पुढच्याच यात्रेला पहिल्या रांगेत होता. फेटे त्याच्याच हातून बांधले. गावाचं बी-बियाणं त्याच्या कोठारातून यायचं, त्याला कोण विचारणार?"

ही गोष्ट पुढं मला पुनःपुन्हा आठवत राहिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं अझरवरची बंदी कायद्याला धरून नाही असं सांगून ती रद्द केली. अझर तेव्हा ४९ वर्षांचा होता. बॅट धरण्याचं वय सरलं होतं. २००९ मध्येच तो मुरादाबादचा खासदार झाला होता आणि २०१९ मध्ये हैदराबाद क्रिकेट असोसिएशनचा अध्यक्ष झाला. मामांना ते पटलं नाही. पण ज्याची बंदी न्यायालयातच टिकली नाही, त्याला गावच्या पंचांचा नियम कसा लावायचा? आबांचा प्रश्न इथं खरा ठरला. दुसऱ्या संधीचा वाद घालण्याआधी पहिली सुनावणी धड व्हावी लागते. ती झाली नाही, की दोषी सुटला की निर्दोष भरडला गेला हे कधीच कळत नाही; लोक आपापल्या मनानं निकाल लावून मोकळे होतात.

मग २०१३ आलं. १५ मे च्या वानखेडेवरच्या आयपीएल सामन्यानंतर राजस्थान रॉयल्सचे श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी पकडलं. सप्टेंबरमध्ये श्रीशांत आणि अंकितवर आजन्म बंदी आली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं तिघांनाही आरोपमुक्त केलं, पण मंडळाची बंदी तशीच राहिली. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयानं मंडळाला शिक्षेच्या मुदतीचा फेरविचार करायला सांगितलं आणि मंडळाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. जानेवारी २०२१ मध्ये तो केरळकडून पुन्हा खेळला, त्याच वानखेडेवर. अंकितची शिक्षाही सात वर्षांवर आली, पण ते त्याला कळलं २०२१ च्या मध्यावर. हिशेबानं त्याची बंदी सप्टेंबर २०२० मध्येच संपली होती. आमच्या पंचांनी न भरलेली यात्रा मोजली नाही, इथं तर मुदत संपल्याचं सांगायलाच महिने लागले.

आणि सावकाराचं काय? जुलै २०१५ मध्ये लोढा समितीनं चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केलं. सट्टेबाजी प्रकरणात दोषी ठरलेल्या चेन्नईच्या गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानच्या राज कुंद्रा या संघचालकांना क्रिकेटपासून कायमचं दूर ठेवलं. दोन्ही संघ २०१८ मध्ये परतले आणि चेन्नईनं त्याच वर्षी करंडक उचलला. खेळाडूंना सात वर्षं, संघांना दोन.

आमच्या कर्नाटकातही तेच. २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमिअर लीगमधल्या सामनेनिश्चितीच्या आरोपाखाली बेळगावच्या संघाचा मालक आणि बळ्ळारी संघाचे खेळाडू यांना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं फसवणुकीचे गुन्हे रद्द केले. सामनेनिश्चिती भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या व्याख्येत बसत नाही, कारवाई करायची तर ती क्रिकेट मंडळानं, असं न्यायालयानं म्हटलं. तो गुन्हा ठरवणारा कायदा करा, असं विधी आयोगानं २०१८ मध्येच आपल्या २७६ व्या अहवालात सुचवलं होतं. ती लीग पुन्हा भरली नाही. २०२२ मध्ये महाराजा ट्रॉफी या नव्या नावानं स्पर्धा सुरू झाली आणि पहिलाच करंडक गुलबर्गा मिस्टिक्सनं जिंकला. कलबुर्गीत, म्हणजे जुन्या गुलबर्ग्यात, आनंद झाला, मलाही झाला. स्पर्धेला नवं नाव घेऊन दुसरी संधी मिळते. खेळाडूला आयुष्यभर तेच नाव घेऊन फिरावं लागतं.

संधी दिली तर काय होतं, याचं उत्तर नागपूरच्या एका सामन्यापासून सुरू होणाऱ्या गोष्टीत सापडतं. मार्च २००० मध्ये तिथल्या एकदिवसीय सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए यानं आपल्याच संघातल्या हर्शेल गिब्जला पैशांच्या बदल्यात वीसच्या आत बाद व्हायला सांगितलं होतं. गिब्जनं 'हो' म्हटलं आणि मैदानात जाऊन ७४ धावा केल्या. क्रोनिएवर आजन्म बंदी आली, २००२ मध्ये विमान अपघातात तो गेला. गिब्जला सहा महिन्यांची बंदी झाली. १२ मार्च २००६ ला जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियानं ४३४ धावा केल्या, तेव्हा गिब्जच्या १७५ धावांच्या जोरावर दक्षिण आफ्रिकेनं त्या पार केल्या. सहा महिन्यांऐवजी आजन्म बंदी असती, तर तो डाव झाला नसता.

मामा आता थकलेत, तरी अझरच्या बाबतीत त्यांचं मन वळलेलं नाही. मी वळवायलाही जात नाही. फसवलं गेल्याची भावना त्यांची आहे आणि प्रेक्षकाला ती बाळगण्याचा हक्क आहे. पण मंडळाला तो नाही. मंडळानं नियम करावेत आणि आमच्या पारावरच्या पंचांइतके तरी सरळ करावेत. खेळाडूला समोर बसवून ऐकावं. दोष सिद्ध झाला तर मुदत आधी सांगावी आणि संपली की त्याच दिवशी तसं कळवावं. त्या मुदतीत त्यानं ज्युनियर पोरांसमोर उभं राहून आपण कसे अडकलो ते सांगावं. मग त्याला खेळू द्यावं, जमलं तर. निवड समिती आणि पदं मात्र दोष सिद्ध झालेल्यांसाठी कायमची बंद असावीत.

फक्त एका बाबतीत आमच्या पंचांच्या पुढं जायला हवं. त्यांनी गड्याला हौदा उकरायला लावला आणि सावकाराला पहिल्या रांगेत बसू दिलं. पैसा लावणारा आणि लावून घेणारा यांच्यासाठी कायदा होत नाही, तोवर एकट्या खेळाडूला जन्मभर बाहेर ठेवणं हा न्याय नाही.