स्कूबा डायव्हिंग

पाठीवरच्या टाकीतील दाबाखालची हवा घेत पाण्याखाली मोकळेपणी वावरण्याची पद्धत. जुन्या पाणबुड्याला हवा वरून नळीने मिळे, त्यामुळे तो बोटीला बांधलेलाच राही. खाण अभियंता रूकेरोल आणि नौदलातील दनेरूझ या फ्रेंचांनी १८६० च्या दशकात श्वासागणिक हवा सोडणारी झडप बनवली. मात्र पुरेसा दाब सोसणाऱ्या टाक्या तेव्हा नव्हत्या. १९४३ मध्ये झाक कुस्तो व एमिल गान्यां यांच्या ‘ॲक्वालंग’ या उपकरणात अशी झडप उच्च दाब सोसणाऱ्या टाक्यांना जोडली गेली. श्वास ओढताच हवेचा दाब जुळवणाऱ्या रेग्युलेटरमधला लवचीक पडदा आत खेचला जातो, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. स्कूबाचे सारे यश या एवढ्याशा पडद्यावर उभे आहे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. वर येताना तो घटतो आणि फुप्फुसातली हवा फुगते, म्हणून तेव्हा श्वास रोखणे जिवावर बेतते.

भारतात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८० च्या दशकात एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली पाणबुड्यांच्या मदतीने द्वारकेच्या समुद्रतळाचे उत्खनन केले. महाराष्ट्रात छंद म्हणून स्कूबा मालवण-तारकर्लीला रुजले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पर्यटकांचा पाय प्रवाळावर पडू न देणे, हे इथल्या मार्गदर्शकाचे पहिले काम मानले पाहिजे.