टेबेरीचे माहेर

स्कॉटलंडमध्ये डंडी शहराला लागून, टे नदीच्या काठी इन्व्हरगावरी हे गाव आहे. १९५१ साली तिथल्या माइलनफील्डच्या जमिनीवर ‘स्कॉटिश हॉर्टिकल्चरल रिसर्च इन्स्टिट्यूट’ सुरू झाली. आसपासचा सारा मुलूख रास्पबेरी पिकवणारा, त्यामुळे संस्थेचे पहिले लक्ष अर्थातच त्या पिकाकडे गेले.

संस्थेला खरी ओळख मिळवून दिली ती तिथले संशोधक डेरेक जेनिंग्ज यांच्या संकराने. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे, कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ इथे न्यायाधीश जेम्स लोगन यांच्या घरच्या बागेत ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी यांचा योगायोगाने संकर होऊन लोगनबेरी जन्मली होती. जेनिंग्ज यांनी तसाच मेळ हिशेबाने घडवला. रास्पबेरीत साधारणपणे १४ गुणसूत्रे असतात. त्यांनी ती दुप्पट, म्हणजे २८ असलेली रास्पबेरी निवडली आणि तिच्याशी ५६ गुणसूत्रांच्या ‘ऑरोरा’ या ब्लॅकबेरीचा संकर केला. दोघींकडून निम्मी निम्मी आली आणि ४२ गुणसूत्रांचे, भरपूर फळ धरणारे झाड मिळाले. १९७९ मध्ये ते ‘टेबेरी’ या नावाने बाहेर पडले. फळ लांबट, जांभळट लाल, आणि लोगनबेरीपेक्षा गोड.

बाजाराने मात्र तिला फारसे जवळ केले नाही. पिकलेले फळ इतके मऊ होते की दूरचा प्रवास त्याला सोसत नाही, आणि देठापासून ते सहज सुटतही नाही, म्हणून यंत्राने तोडता येत नाही. माझ्या मते हेच परसबागेचे भाग्य. इथे फळ पुरते गडद होईपर्यंत वेलीवर राहू देता येते. परागणासाठी दुसरे झाड लागत नाही; भिंतीलगत ताणलेल्या तारांवर एकच वेल पुरते. यंदा फुटलेल्या काटेरी फांद्यांना पुढच्या उन्हाळ्यात फळ येते. तोडणी संपली की त्या जुन्या फांद्या बुडापासून छाटायच्या आणि त्यांच्या जागी नव्या बांधायच्या. ही शिस्त पाळली नाही, तर काट्यांचे जाळे होते आणि फळापर्यंत हात पोचत नाही.

१९८१ मध्ये इन्व्हरगावरीच्या संस्थेत स्कॉटिश प्लांट ब्रीडिंग स्टेशन विलीन झाले आणि ‘स्कॉटिश क्रॉप रिसर्च इन्स्टिट्यूट’ हे नाव आले. पुढे टेबेरीच्याच वंशात टमेलबेरी निघाली. तिला टेच्या एका उपनदीचे नाव मिळाले. २०११ पासून ही संस्था जेम्स हटन इन्स्टिट्यूटचा भाग आहे, आणि रास्पबेरी व ब्लॅककरंट यांच्या नव्या जातींवर इन्व्हरगावरीत अजून काम चालते.