आपत्तीतला सरकारी आवाज

सरकारी प्रवक्ता म्हटलं की आपल्याला एकच वाक्य आठवतं : ‘परिस्थिती नियंत्रणात आहे.’ ते ऐकलं की सामान्य माणूस आधी कंदील आणि काडेपेटी शोधू लागतो. आज मी मात्र ज्यांच्या शब्दावर लोक विसंबत, अशा एका प्रवक्त्याविषयी बोलणार आहे. सुतोपो पुर्वो नुग्रोहो हे त्यांचं नाव. २०१० पासून ते इंडोनेशियाच्या राष्ट्रीय आपत्ती निवारण संस्थेचे प्रवक्ते होते.

जन्म १९६९चा, जावा बेटावरच्या बोयोलालीतला. मेरापी ज्वालामुखी तिथून जवळच. सुतोपो मूळचे जलविज्ञानाचे अभ्यासक. जानेवारी २०१८ मध्ये त्यांना फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचं कळलं, तोही चौथ्या टप्प्यातला. ते धूम्रपान करीत नसत. आणि नेमकं तेच वर्ष इंडोनेशियाला फार जड गेलं. लोम्बोकला भूकंपाचे धक्के बसले आणि २८ सप्टेंबरला पालू शहर भूकंप व त्सुनामीत सापडलं. चार हजारांहून अधिक माणसं गेली. धरण फुटणार, याहून मोठा भूकंप येणार, अशा अफवा मोबाइलवरून पसरत होत्या. उपचार घेता घेता सुतोपो त्या एकेक करून खोडून काढत होते.

पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्सुनामीची चाहूल देणारी समुद्रातली तरंगती यंत्रं २०१२ पासून बंद आहेत, त्यांच्यासाठी पुरेसा पैसा नाही, हे पालूनंतर त्यांनी उघडपणे सांगितलं. सरकारी खुर्चीतल्या माणसाने सरकारची उणीव सांगायची, तीही ऐन संकटात!

आता २२ डिसेंबरची रात्र. आपल्याकडे त्या दिवशी दत्तजयंती होती, म्हणजे पौर्णिमा. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीच्या किनाऱ्यांवर अचानक लाटा चढल्या. भूकंप झालेला नव्हता. पौर्णिमेचं उधाण काय असतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिथल्या हवामान खात्यालाही आधी तसंच वाटलं आणि सुतोपोंनी लोकांना कळवलं, ही त्सुनामी नाही, घाबरू नका.

कारण होतं अनाक क्राकाताऊ. १८८३ मध्ये छत्तीस हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या क्राकाताऊच्या जागी पुढे वर आलेला हा ज्वालामुखी. ‘अनाक’ म्हणजे मूल. त्याची एक बाजू ढासळून समुद्रात गेली होती. इशारा देणारी यंत्रणा भूकंपावर बेतलेली, तिला हे कळणार कसं? चारशेहून अधिक माणसं मृत्युमुखी पडली.

सुतोपोंनी आधीचं निवेदन चुकल्याचं जाहीर केलं आणि माफी मागितली. भूकंप नसल्याने घोटाळा झाला, हे कारण सांगितलं. ज्वालामुखीमुळे उठणाऱ्या त्सुनामीचा इशारा देण्याची सोयच देशात नाही, हेही सांगून टाकलं. निवेदन गुपचूप बदलून मोकळं होणारे अधिकारी आपण पाहिले आहेत. त्यापुढे ही माफी मला मोठी वाटते. उद्या पुन्हा ‘पळा’ म्हणायची वेळ आली, तर लोकांनी ऐकायला हवं ना!

उपचारांसाठी ते चीनमधल्या ग्वांगझूला गेले आणि ७ जुलै २०१९ रोजी तिथेच वारले. त्याच दिवशी रात्री इंडोनेशियात मोलुक्का समुद्रात मोठा भूकंप झाला. त्सुनामीचा इशारा दिला गेला आणि नंतर मागे घेण्यात आला.