वडिलांची जहागीर, मुलाचा शिक्का

बंगळूरच्या मल्लेश्वरम या वस्तीला जे नाव मिळाले, ते तेथील काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून. या देवालयाशी व्यंकोजीराजे भोसले यांचे नाव निगडित असून त्यांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख तेथे आहे. बंगळूर भोसल्यांकडे आले ते त्यापूर्वी तीस वर्षे, व्यंकोजींचे वडील शहाजीराजे यांच्या काळी. व्यंकोजींचे सावत्र बंधू शिवाजीराजे यांचे कर्तेपण प्रथम कसाला लागले, तेही याच बंगळूरच्या छायेत.

शहाजीराजे आदिलशाहीचे सरदार म्हणून कर्नाटकात गुंतलेले. पुण्याची जहागीर मुलाच्या नावे चाललेली. कागदोपत्री मुलगा म्हणजे बापाचा प्रतिनिधी. पण २८ जानेवारी १६४६ चे रांझे गावच्या पाटलाविषयीचे पत्र पाहावे. बदअंमल करणाऱ्या त्या पाटलाचे हातपाय तोडल्याचा त्यात उल्लेख आहे. शिक्षा आजच्या दृष्टीने क्रूर खरीच. मात्र ती देणाऱ्याला अद्याप सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. त्यांची मुद्रा संस्कृत, वडिलांची फार्सी. या मुद्रेत शिवाजीराजे स्वतःची ओळख 'शहाजीचा पुत्र' अशीच देतात, आणि त्याच दमात आपले राज्य चंद्रकलेप्रमाणे वाढेल असेही सांगतात. पुत्रत्व आणि स्वत्व यांची अशी सांगड मला तरी अन्यत्र आढळलेली नाही.

विजापूर दरबाराला मात्र हे स्वत्व मान्य नव्हते. पोराच्या उचापतींचा जाब बापाला विचारावा, हा सरळ हिशेब. जुलै १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली. त्यामागे इतरही कारणे होती. मग पुण्याकडे फत्तेखान चालून आला, तर बंगळुरी थोरले बंधू संभाजीराजे यांच्यावर दुसरी फौज गेली. दोघाही भावांनी आपापल्या ठिकाणी शत्रूला परतवले.

विजय मिळाला, पण पेच सुटला नाही. वडील अजून बेडीतच होते. अठरा वर्षांच्या या तरुणाने तेव्हा दख्खनचा मोगल सुभेदार शाहजादा मुरादबक्ष याच्याशी पत्रव्यवहार आरंभिला. मार्च १६४९ मधले मुरादचे उत्तर उपलब्ध आहे. प्रत्यक्ष मदत म्हणावी तर फारशी नाही. विश्वासू माणूस पाठवा, एवढेच. परंतु पत्र शिवाजीराजांच्या नावे आहे. विजापूर ज्याला शहाजीचा बंडखोर पोरगा समजत होते, त्याच्याशी दिल्लीच्या बादशहाचा पुत्र बोलणी करीत होता.

अखेर सुटकेसाठी किंमत द्यावी लागली. शिवाजीराजांनी कोंढाणा सोडायचा आणि संभाजीराजांनी बंगळूर. हाती आलेला गड देताना राजांना जड गेले. वृद्ध सोनोपंत डबिरांनी त्यांची समजूत घातल्याचे शिवभारतात वर्णन आहे. १६ मे १६४९ रोजी शहाजीराजे मुक्त झाले. पुढे बंगळूर भोसल्यांकडे परत आले, कोंढाणाही आला.

आणि विजापूर? जून १६५९ मध्ये कान्होजी जेधे यांना पाठविलेल्या फर्मानात शिवाजीराजांच्या कृत्यांना अज्ञान आणि अविचार हीच कारणे दिलेली आहेत. त्या वेळी राजांचे वय एकोणतीस होते, आणि अफझलखान वाईच्या वाटेवर होता.