घडी न मोडलेला मारिओ

ज्या माणसानं आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, त्यालाच गुंतवणुकीचे सल्ले सर्वांत जास्त मिळतात, असा माझा बँकेतला बावीस वर्षांचा अनुभव आहे. परवा असाच एक सल्ला थेट अमेरिकेतल्या डॅलसहून आला. आमचा भाचा तिथे असतो. तो काय काम करतो हे त्यानं मला तीनदा समजावून सांगितलं आहे आणि मला ते तीनही वेळा समजलं आहे. अडचण फक्त लक्षात राहण्याची आहे.

“मामा, तुझ्या एफडीवर काय मिळतं?”

मी आकडा सांगितला. पलीकडे शोकसभेत पाळतात तशी दोन मिनिटं शांतता.

“तू तीन लाख दे, मी तीन लाख घालतो. दोघांत मिळून एक मारिओ घेऊ.”

मारिओ म्हणजे तोच तो, व्हिडिओ गेममधला मिशाळ प्लंबर. आमच्या सोसायटीचा प्लंबरही नळाला हात लावायच्या आधी पैसे मागतो, पण त्यानंसुद्धा सहा लाख कधी मागितले नव्हते.

“जुनी कॅसेट आहे मामा. पण सीलबंद! वेष्टनसुद्धा फोडलेलं नाही.”

“बरं, मग खेळायची कधी?”

“खेळायची नाही! खेळलास की किंमत गेली!”

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. बी.कॉम.ला मला एकच प्रकरण नीट कळलं होतं, ते म्हणजे घसारा. वस्तू आणली, वर्ष सरलं, की किंमत कमी. इथं तर वस्तू जितकी जुनी आणि जितकी बिनकामाची, तितका भाव जास्त! या हिशेबानं आमच्या शाखेतल्या दोन-तीन साहेबांची किंमत कोटींत जायला हवी. असो.

बँकेतला माणूस तारण घ्यायच्या आधी त्याचा पूर्वेतिहास बघतो. मीही कारकुनी धर्माला जागून या तारणाचा इतिहास काढला. तो निघाला उकिरड्यातून. हे मी अलंकारिक बोलत नाही.

त्याचं असं झालं. १९८२ साली स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ हा सिनेमा अमेरिकेत तुफान चालला. ॲटारी नावाच्या कंपनीनं त्यावर व्हिडिओ गेम काढायचं ठरवलं. करारमदार होईपर्यंत जुलै संपत आला आणि माल तर नाताळच्या बाजारात हवा. तेव्हा हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ नावाच्या गृहस्थानं जेमतेम पाच आठवड्यांत गेम लिहून दिला. आमच्याकडे पाच आठवड्यांत पासबुकावरचं नाव दुरुस्त होत नाही. पण घाई ती घाई. खेळातला तो बिचारा परग्रहवासी एकसारखा खड्ड्यात पडायचा आणि पोरं त्याला वर काढता काढता रडकुंडीला यायची. माल पडून राहिला. १९८३ मध्ये तर अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा सगळा धंदाच बसला.

मग सप्टेंबर १९८३ मध्ये टेक्सासमधल्या एल पासोच्या गोदामातून ट्रक निघाले आणि न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत माल ओतून आले. वरून रोलर फिरवला, काँक्रीट घातलं. खड्ड्यात पडणारा ई.टी. शेवटी खड्ड्यातच गेला.

बारा वर्षांनी उकिरड्याची दैना फिटते म्हणतात. अमेरिकेत तीस लागली. २६ एप्रिल २०१४ रोजी एका माहितीपटासाठी तो डेपो खणला, तेव्हा ई.टी. आणि त्याच्या भाऊबंदांच्या तेराशेच्या आसपास कॅसेटी बाहेर निघाल्या. चेपलेल्या, कुबट वासाच्या. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. बऱ्याचशा गावानं लिलावात विकल्या आणि एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमा केली. एका ई.टी.ला दीड हजार डॉलर मिळाले! पोराला खेळायला म्हणून जी चीज कुणी घेईना, ती कचरा म्हणून घ्यायला लोक रांगेत उभे राहिले.

बसलेला धंदा उठवला तो जपानच्या निंटेंडोनं. ही कंपनी १८८९ मध्ये क्योटोत पत्ते बनवायला निघाली होती. म्हणजे ज्या व्यवसायावरून आमच्या आजोबांनी मोठ्या काकांना घराबाहेर काढलं होतं, त्याच व्यवसायातून ही मंडळी नावारूपाला आली. १९८५ मध्ये त्यांचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला आणि घराघरांतली पोरं टीव्हीपुढे उड्या मारू लागली. खोकी फाटली, पुठ्ठे केराच्या टोपलीत गेले. न फाटलेलं खोकं दुर्मीळ झालं ते असं. यात कुणाची दूरदृष्टी नव्हती. होता तो विसरभोळेपणा.

त्या विसरभोळेपणाचा भाव ऐका. १९८६ च्या नाताळात कुणीतरी भेट द्यायला म्हणून मारिओ घेतला, टेबलाच्या खणात ठेवला आणि विसरून गेला. तो खण पस्तीस वर्षांनी उघडला. एप्रिल २०२१ मध्ये लिलावात त्या कॅसेटला ६ लाख ६० हजार डॉलर आले. तेव्हाच्या दरानं पाच कोटींच्या आसपास. आमच्या घरी टेबलाच्या खणात वर्षानुवर्षं राहिलेली वस्तू म्हणजे सुटे स्क्रू आणि कुठल्या कुलपाची ते माहीत नसलेली किल्ली.

‘स्टेडियम इव्हेंट्स’ची कथा आणखी वेगळी. १९८७ मध्ये बांदाई कंपनीनं हा गेम काढला. जमिनीवर चटई अंथरून तिच्यावर जागच्या जागी धावायचं. मग निंटेंडोनं ती चटई आपल्या नावानं आणायचं ठरवलं आणि जुना माल बाजारातून परत गेला. जो थोडा निसटला त्याचं सोनं झालं. २०१० मध्ये एक सीलबंद प्रत ४१ हजार ३०० डॉलरला गेली.

तरी तोवर हा हौशी मंडळींचा मामला होता. २०१८ मध्ये खोक्यांची परीक्षा घेऊन गुण देणारी वाटा नावाची कंपनी निघाली. दहापैकी गुण खोक्याला आणि वेगळी श्रेणी वरच्या प्लॅस्टिकला. मग सगळं पारदर्शक पेटीत कायमचं बंद. आत खेळ कसा आहे याला गुण नाहीत. जग बाह्यरूपावर भाळतं हे संतांनी सांगितलं होतं, पण दशांश चिन्हासकट नव्हतं सांगितलं.

गुणपत्रिका आल्यावर भाव उधळले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक मारिओ लाख डॉलरच्या पार गेला. ९ जुलै २०२१ रोजी ‘लिजंड ऑफ झेल्डा’ ८ लाख ७० हजार. दोनच दिवसांनी ‘सुपर मारिओ ६४’ ची प्रत १५ लाख ६० हजार डॉलर! खोक्याला ९.८, प्लॅस्टिकला ए डबल प्लस. हा गेम काही दुर्मीळ नाही. १९९६ मध्ये साठेक डॉलरला मिळायचा आणि त्याच्या कोटभर प्रती खपल्या. हे लिलाव करणारी हेरिटेज ऑक्शन्स कंपनी डॅलसचीच. भाचेरावांना वारं लागलं ते तिथलं.

पुढच्याच महिन्यात एक मारिओ २० लाख डॉलरला गेला. त्याचे मालक शेकडो! रॅली नावाच्या कंपनीनं तो २०२० मध्ये १ लाख ४० हजाराला घेऊन त्याचे समभाग विकले होते. म्हणजे कुणाच्या वाट्याला मिशी, कुणाच्या वाट्याला टोपी.

त्यानंतर चढलेले भाव उतरू लागले. २०२२ मध्ये प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं, भाव फुगवल्याचे आरोप झाले. आरोप म्हणजे निकाल नव्हे हे मला कळतं. पण जे तारण चालू आहे की बंद हे तपासायलासुद्धा फोडता येत नाही, त्यावर आमचे मॅनेजर पाच हजारसुद्धा मंजूर करणार नाहीत. झेल्डाच्या कॅसेटमध्ये तर खेळ जिथं सोडला ते लक्षात ठेवायला एक छोटी बॅटरी असते. ती वेष्टनाच्या आतसुद्धा म्हातारी होतच असते. खोक्याला किती गुण पडलेत हे तिला कोण सांगणार?

फाइल मिटली आणि माळ्यावरचं खोकं आठवलं.

आमचे अण्णा म्हणजे वेष्टनाचे पुजारी. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला प्लॅस्टिक, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा प्लॅस्टिक. त्यातून वेळ अंदाजानंच बघावी लागे. शोकेसमधले सहा कप पाहुण्यांसाठी होते आणि त्या कपांच्या लायकीचा पाहुणा आमच्याकडे कधी आला नाही. अमेरिकेत जन्मले असते तर अण्णा कोट्यधीश झाले असते.

त्या अण्णांनी १९९३ च्या दिवाळीत, मी सातवीत असताना, बोनसमधून टीव्हीगेम आणला. अर्थात नकली. बरोबरच्या कॅसेटवर खेळांची संख्या छापली होती ९९,९९,९९९. मोजले तर चार-पाचच, तेच ते फिरून फिरून येणारे. ताळेबंदातली फुगवाफुगवी मी प्रथम तिथं पाहिली. मी वाट बघत होतो, आता अण्णा म्हणणार, “वेष्टन हळू काढ, घडी करून ठेव.” पण त्यांनी ते स्वतःच्या हातानं टर्रकन फाडलं आणि म्हणाले, “लाव रे. बघू तरी काय आहे.” रात्री आम्ही झोपल्यावर हा हेडक्लार्क बनियनवर बसून प्लॅस्टिकच्या बंदुकीनं बदकं मारायचा. निजानीज झाली म्हणून आवाज बंद ठेवून. कॅसेट अडली की मी फुंकर मारायचो, माझी पुरली नाही तर अण्णा मारायचे.

आता त्या यंत्रातून काही उमटत नाही. बंदुकीचा चाप सैल झालाय. किंमत शून्य. घसारा पूर्ण वसूल.

उलट आईचं. चार वर्षांपूर्वी ती गेल्यावर कपाट उघडलं, तर मोरपंखी पैठणी होती तशी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. चांगल्या दिवसासाठी ठेवली होती. सौ.नं उलगडली तर जिथं घडी होती तिथंच, एका रेषेत, विरलेली.

भाच्याला फोन केला. “तीन लाख जमणार नाहीत रे. पण सुट्टीत आलास की माळ्यावरचं खोकं काढू, बघू दुरुस्त होतंय का.”

“मामा, पण तुझ्या पैशांचं काय?”

“ते आहेत सीलबंद.”

मग सौ.ला म्हटलं, आईच्या कपाटात अजून तीन साड्या आहेत, त्यातल्या एकीची आज घडी मोड.

“आज काय विशेष?”

“काही नाही. मंगळवार आहे.”